आईबापांची चिठ्ठी

गोऱ्या लोकांच्या देशांत कातडी सावळी करून देणारी दुकानं असतात. पेटीसारख्या पलंगावर आडवं व्हायचं, वरून झाकण ओढायचं आणि अतिनील किरणांच्या नळ्यांखाली काही मिनिटं अंग भाजून घ्यायचं. वर त्याचे पैसे मोजायचे. आमच्या मैंदर्गीत हे कुणाला सांगितलं तर तो पोट धरून हसेल. वैशाखात आमच्या रानात हे फुकट मिळतं, आणि ते चुकवायला बाया डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळतात. हसून घ्या. पण त्या वेड्या लोकांनी आपल्या पोरांसाठी पुढे काय केलं, तेही ऐका.

फ्रान्सने १९९७ सालीच अठरा वर्षांखालच्यांना या पेट्यांपासून दूर ठेवायचा नियम केला. २००९ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लिआँ इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने या पेट्या पहिल्या गटात टाकल्या. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत. कोवळ्या वयात ही सवय लागली की मेलॅनोमा या कातडीच्या जीवघेण्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. त्याच वर्षी ब्राझीलने लहानमोठं न बघता सौंदर्यासाठीच्या या पेट्या सगळ्यांनाच बंद केल्या. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची सव्वीस वर्षांची मुलगी २००७ साली मेलॅनोमाने गेली. शेवटच्या आठवड्यांतही ती लोकांना सांगत होती, या पेट्यांत शिरू नका. २०१५ साल उजाडलं तेव्हा तिथल्या बहुतेक राज्यांत हा धंदा कायद्याने बंद झाला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून अठराच्या आतल्या मुलाला पेटीत घेणारा दुकानदार गुन्हेगार ठरतो.

यातली कॅलिफोर्नियाची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिथे आधी असा नियम होता की चौदा वर्षांखालच्यांना पूर्ण बंदी, पण चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींनी आईबापांची लेखी परवानगी आणली तर त्यांना आत घ्यायचं. २०११ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०१२ पासून ती चिठ्ठी रद्द झाली. आईबाप हो म्हणोत, हात जोडोत, स्वतः सोबत येऊन उभे राहोत. अठरा पुरी झाल्याशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही. मुलाचं भलं आईबापांनाच कळतं, हे वाक्य एका अख्ख्या राज्याने कायद्याने खोडून काढलं.

आता आपल्याकडे या. माझी फिर्याद त्या चिठ्ठीबद्दलच आहे.

आपल्याकडे कातडी काळी करणारं दुकान नाही, गोरी करणारं आहे, आणि ते गल्लोगल्ली आहे. किराणा दुकानात शाम्पूच्या आणि गुटख्याला पर्याय म्हणून आलेल्या मसाल्याच्या माळांशेजारी गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्यांची माळ लटकते. मेडिकलमध्ये 'डाग जायची ट्यूब' मिळते. पार्लरमध्ये बिननावाची, बिनपत्त्याची डबी मिळते, आणि तिच्याबद्दल सांगताना पार्लरवालीचा आवाज खाली येतो. सातवीतली पोर दहाची नोट घेऊन आली तर तिला वय कोण विचारतो? तंबाखू अठराखालच्याला विकू नये, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकू नये, असा २००३ चा कायदा आहे. तो किती पाळला जातो ते आपण रोज बघतो. तरी निदान तो मोडणाऱ्याला पकडायची सोय आहे. गोरेपणाच्या मालाला या देशात वयाची अटच नाही.

आणि त्या ट्यूबमध्ये असतं काय? पुष्कळदा स्टिरॉइड. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं डॉक्टरच्या चिठ्ठीवर शोभतात. इसब किंवा सोरायसिससाठी ती ठरावीक दिवस द्यायची औषधं आहेत. चेहऱ्याला लावली की आठ-पंधरा दिवस रंग उजळल्यासारखा दिसतो, शेजारणी विचारतात, आणि मग कातडी पातळ होत जाते. खालच्या शिरा लाल जाळ्यासारख्या दिसू लागतात. पुटकुळ्या येतात, केस येतात, आणि लावणं थांबवलं की चेहरा आग होऊन पेटतो. म्हणून पोरगी पुन्हा तीच ट्यूब लावते. देशातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या माणसानेच सुचवलं होतं. डॉक्टरांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची पळवाट बंद केली. कागदावर.

दुसरं विष पारा. कातडीत रंग तयार व्हायला जे विकर लागतं त्याचं काम पारा अडवतो, म्हणून चेहरा फिका पडतो. पण तो कातडीवर थांबत नाही, आत उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. अकोल्यात काही वर्षांपूर्वी एका घरातल्या आईची आणि दोन मुलींची मूत्रपिंडं एकामागून एक बिघडली. कारण कुणाला सापडेना. शेवटी तिघी लावत असलेली क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली, तेव्हा पारा निघाला, परवानगीच्या मर्यादेहून कैक पट. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका दुर्मिळ विकाराचे पंधरा रुग्ण भेटले. त्यांतल्या तेरा जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डोळ्यांचा भाग सोडला तर क्रीममध्ये पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, आणि तोही चुकून मिसळलेला. पाऱ्याबाबतच्या मिनामाता या जागतिक कराराने तर एवढीसुद्धा सूट काढून घ्यायचं २०२३ साली ठरवलं. जपानमधल्या ज्या मिनामाता गावाच्या नावाने तो करार आहे, तिथे कारखान्याचा पारा माशांतून माणसांत गेला होता. आपण तो विकत घेऊन, आरशासमोर बसून, बोटाने चोळतो.

अकोल्याच्या त्या घरातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. आईही तीच क्रीम लावत होती. म्हणजे कुणी कुणाला फसवून ती लावलेली नव्हती. मायेनेच ती घरात आली असणार.

मैंदर्गीतली कुठलीही आई मुलीच्या वाईटासाठी ट्यूब आणत नाही. ती आणते कारण मुलगी जन्मली त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत पहिला प्रश्न कुठला झाला हे तिला आठवतं. बारशाला आत्याने काय शेरा मारला ते आठवतं. डाळीचं पीठ आणि साय लावून झाली, हळद लावून झाली, तरी "थोडी सावळीच राहिली" असं मामी म्हणाली तेही आठवतं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना ओवाळायला शाळेने कुठल्या मुली निवडल्या आणि कुठल्या मागच्या रांगेत गेल्या, हेही तिने पाहिलेलं असतं. आणि पुढे पाहुणे बघायला येतील तेव्हा सुरी कुठे फिरेल, याची तिला पक्की खात्री असते. म्हणून बारा-तेराव्या वर्षीच ट्यूब घरात येते. लक्षात घ्या, कायदा म्हणतो की अठराच्या आधी मुलीचं लग्न लावता येत नाही. पण लग्नाच्या बाजारासाठी तिचा चेहरा तयार करायला आपण बाराव्या वर्षीच सुरुवात करतो, आणि त्याला कुठलीही अडकाठी नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणते की महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रिया धरल्या तर त्यांतल्या २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झाली होती. हा २०१९ ते २१ चा आकडा आहे. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. ती ट्यूब आणि हा आकडा एकाच कपाटात ठेवलेले आहेत.

"घरातल्या गोष्टीत कायद्याने नाक खुपसू नये," असं म्हणणारे आत्ताच पुढे सरसावले असतील. या वाक्याचं वय सांगतो. १८९० च्या आसपास कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही, कारण तेव्हाचा कायदा दहाच वर्षांपर्यंत संरक्षण देत होता. त्यातून १८९१ साली संमतिवयाचं बिल आलं आणि दहाचे बारा झाले. फक्त दोन वर्षं वाढली. तेवढ्यावर पुण्यात केवढा गहजब झाला! आमच्या घरात, आमच्या धर्मात, आमच्या मुलीबाळींत परक्या सरकारने का शिरावं, असा सवाल 'केसरी'तून झाला. 'सुधारक' काढणारे आगरकर मात्र बिलाच्या बाजूने उभे राहिले. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांतून आधार काढून दाखवला की याने धर्म बुडत नाही. आज त्या बिलाला विरोध करणाऱ्यांचं देशप्रेम आपण आदराने सांगतो आणि त्यांच्या त्या एका भूमिकेवरून डोळे फिरवून पुढे जातो. पण ती भूमिका मेलेली नाही. घरातली गोष्ट, आईबापांचा हक्क, मुलीच्या भल्यासाठीच, हे सगळं तेव्हाही म्हटलं गेलं होतं. फुलमणीचं लग्नही तिच्या घरच्यांनीच लावलं होतं. चिठ्ठी तेव्हाही आईबापांचीच होती.

आणि गोऱ्या रंगाच्या हट्टाबाबत आपला अक्कलकोट तालुका महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या एकोप्याचं उदाहरण ठरावा. १९६७ साली महाजन आयोगाने हा तालुका म्हैसूर राज्याला द्यावा असं सुचवलं. तेव्हापासून मैंदर्गी कुणाची, दुधनी कुणाची, पाटी कुठल्या भाषेत, यावर बोलणी चालूच आहेत. इथे एकाच ओट्यावर बसलेली माणसं अर्धं वाक्य कन्नडात आणि अर्धं मराठीत बोलतात, आणि निवडणूक आली की भाषेवरून फुगतातही. पण सून गोरी हवी यावर अलीकडे आणि पलीकडे, लिंगायतांत, मराठ्यांत, धनगरांत, मुसलमानांत, सगळ्यांचं एकमत आहे. या एका प्रश्नावर कधी आयोग नेमावा लागला नाही.

आणि हा बाजार मांडणारे कोण? वधू-वर परिचय मेळाव्याचे संयोजक, जे छापील फॉर्मात शिक्षण आणि नोकरी यांच्या आधी 'रंग' असा रकाना ठेवतात. लग्नाच्या छोट्या जाहिराती घेणारी वर्तमानपत्रं, जी अग्रलेखात समता लिहितात आणि आतल्या पानावर गोऱ्या मुलीची मागणी ओळीच्या दराने छापतात. ज्यांचा स्वतःचा रंग ज्वारीच्या काढणीत रापून गेला आहे असे बाप, जे मुलासाठी मात्र उजळ मुलगी मागतात. आणि आपलं शिक्षणखातं! बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलगी कुरूप असली तर तिचं लग्न जमणं अवघड जातं आणि मग जास्त हुंडा मागितला जातो, असा मजकूर होता. २०१७ साली तो उघडा पडला, आरडाओरडा झाला, तो काढून टाकायचं सरकारने कबूल केलं. पण त्याआधी किती वर्षं सतरा वर्षांच्या मुलींनी तो वाचला, अधोरेखित केला, परीक्षेत लिहून गुण मिळवले? लिहिणाऱ्याने हुंड्याची कारणं शोधली आणि शोधता शोधता दोष मुलीच्या तोंडावर नेऊन ठेवला. मुलीचं तोंड हे कारण, आणि मागणाऱ्याची हाव हे केवळ परिणाम!

इथे कीर्तनकार हटकून म्हणतात की आमचा पांडुरंग काळा, आमचा कृष्ण काळा, मग मुलीच्या रंगाला नावं का ठेवता? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून हा दाखला इथे जास्तच ऐकू येतो. मला तो आता सहन होत नाही. पांडुरंगाला हुंडा द्यायचा नसतो, त्याचं स्थळ बघायचं नसतं. काळ्या देवापुढे डोकं टेकवायला काही खर्च येत नाही, म्हणून ते शेकडो वर्षं सुखेनैव चाललंय. आषाढीला त्याच्या पायावर डोकं ठेवून आलेला माणूस मार्गशीर्षात मुलगी बघायला जातो तेव्हा तो काय शोधतो, हे कीर्तनकारालाही ठाऊक आहे. त्याच्या घरीही सून आणायची असते.

कंपन्यांवर मी कमी बोललो, त्याचं कारण त्या निर्दोष आहेत असं नाही. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जाहिरातींतून काळी मुलगी नाकारली जायची, क्रीम लावायची, नोकरी आणि नवरा दोन्ही मिळवायची. २०२० च्या जुलैत नावातला गोरेपणा काढून 'ग्लो' घातला गेला. पुड्यांची माळ त्याच खिळ्यावर राहिली. पुरुषांनाही सोडलं नाही. २००५ पासून त्यांच्यासाठी वेगळी क्रीम आहे, आणि पोरं ती दाढी फुटायच्या आधीच लावायला लागतात. जाहिरातदारांच्या स्वतःच्या मंडळाने २०१४ साली नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी किंवा हरलेला दाखवायचं नाही. पण तो स्वतःच स्वतःवर घातलेला लगाम. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. गोरं करून देण्याच्या दाव्याची जाहिरात त्यात गुन्हा ठरणार होती, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तो मसुदाच राहिला. यावर कुठल्या खासदाराला मैंदर्गीच्या, अक्कलकोटच्या, सोलापूरच्या मतदाराने एक पत्र लिहिलं का? रेल्वेच्या थांब्यासाठी लिहितो, कुरनूर धरणाच्या पाण्यासाठी लिहितो, आणि ते लिहायलाच हवं. मुलीच्या मूत्रपिंडासाठी का नाही?

काही शहाणे म्हणतील, मोठ्या बाईने स्वतःच्या तोंडाला काय लावावं हे तिचं ती बघेल. बघू दे. अठरा पूर्ण झालेल्या माणसाला स्वतःचं नुकसान करून घ्यायचा हक्क असेल तर तो त्याच्याजवळ राहो. कॅलिफोर्नियानेही तो काढून घेतला नाही. पण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्र जास्त असतं, म्हणून तेवढ्याच मलमातून त्याच्या अंगात विष जास्त उतरतं. शिवाय त्याला नाही म्हणायची सोय नसते, कारण देणारा हात आईचा असतो. म्हणूनच वयाची अट पाहिजे. अठराखालच्यांना गोरं करणारा माल विकायचा नाही, त्यांच्यासाठी त्याची जाहिरात करायची नाही, पार्लरमध्ये त्यांच्यावर असले उपचार करायचे नाहीत, आणि आईबापांची चिठ्ठी चालायची नाही. ही मागणी विधानसभेपर्यंत जायला हवी. आणि ती गेली तरी काम संपत नाही, हेही माहीत आहे. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९३० मध्ये अमलात आला आणि त्यानंतर नव्वद वर्षांनी आपण २१.९ टक्क्यांवर उभे आहोत. कायद्याने दुकानाचं दार बंद होतं, माजघराचं नाही.

पण दुकानाचं दार बंद करायला जो कायदा आज आहे, तोही आपण वापरत नाही. ट्यूब हातात घ्या. कोपऱ्यात 'आरएक्स' अशी खूण असेल तर ते औषध आहे, क्रीम नाही. चिठ्ठीशिवाय ते विकणारा मेडिकलवाला आजच्या आज कायदा मोडतोय, मग तो तुमचा भाचा असो की भाऊबंद. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी नसेल तर ती विकताच येत नाही. अशी डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार करता येते आणि तक्रारीची पोच मागता येते. मेळाव्याच्या संयोजकांना पुढच्या फॉर्मात 'रंग' हा रकाना छापायचं बंद करा असं सांगायला कुठल्याच कायद्याची गरज नाही. आपलं स्थळ नोंदवायला गेलेल्या बापाने तो रकाना पेनाने खोडला तरी पुरे. शाळेत पालकसभा भरते, तिथे वह्या आणि गणवेशाच्या बोलण्यात तास जातो. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ट्यूबचा विषय घ्या, आणि त्या दिवशी आयांना एकट्यांना बोलावू नका. बापांना बोलवा, आणि जमलं तर आत्यांनाही.